पदवी मुंबईची, हायकोर्ट कोल्हापुरात : रत्नागिरीतून कायद्याचे कॉलेज निवडताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या घरात मुलाने किंवा मुलीने ‘मला वकील व्हायचंय’ असे म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कॉलेज कुठले? मामा मुंबईचे नाव सांगतो, शेजारचे पुण्याचे सांगतात, कुणी कोल्हापूरचे सुचवतो आणि आई हळूच म्हणते की कॉलेज रत्नागिरीतही आहे. चौघांचेही आपापल्या परीने बरोबर असते. मात्र चौघेही कॉलेजचे नाव सांगून थांबतात. कायद्याचे शिक्षण विद्यापीठ, कॉलेज आणि कोर्ट अशा तीन ठिकाणी वाटलेले असते आणि या तिन्ही ठिकाणांचे अंतर रत्नागिरीच्या विद्यार्थ्यासाठी अलीकडे पार बदलून गेले आहे. ते कसे, आणि त्यामुळे निवडीचा हिशेब कसा मांडावा, हे या लेखात पाहायचे आहे.

विद्यापीठ काय देते, कॉलेज काय देते

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे अरबी समुद्राच्या कडेने पसरलेले आहे. या पट्ट्यातल्या संलग्न विधी महाविद्यालयांना अभ्यासक्रम विद्यापीठ आखून देते आणि पदवीही विद्यापीठाचीच असते. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा बऱ्याच अंशी त्याच्या हातात जातात. एरवी चर्चगेटजवळच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आणि रत्नागिरीच्या श्रीमान भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातला विद्यार्थी यांच्या पदवीवर नाव एकाच विद्यापीठाचे येते. वकिलीची सनद देताना बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या दोघांत फरक करीत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये सनदेसाठी विचारली जाते ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची कायद्याची पदवी. कोणत्या इमारतीत बसून ती मिळवली, असा रकाना तिथे नाही.

मग कॉलेज काय देते? शिकवणारी माणसे, ग्रंथालय, सोबतीचे विद्यार्थी आणि आजूबाजूचे कोर्ट. यांपैकी एकही गोष्ट पदवीच्या कागदावर उमटत नाही, पण वकील घडतो तो यांच्यामुळेच.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने अशी विद्यापीठे स्थापण्याची तरतूद झाली आणि मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) इथे ती सुरू झाली. तिथे विद्यापीठ हेच कॉलेज. संलग्नतेचा प्रश्न नाही आणि प्रवेश ‘क्लॅट’ या अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो. बाकीच्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची कायद्याची सीईटी द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी. प्रश्नपत्रिका इंग्रजीप्रमाणे मराठीतही असते. या परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. घरातली चर्चा या यादीपाशी येऊन ठेपते आणि बहुतेकदा नावाच्या वजनावर संपते.

जुन्या कोकणातली वाट

कायदा शिकण्याची जागा आणि पदवी देण्याची जागा या वेगळ्या असू शकतात, हे कोकणाला नवे नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ निघालेल्या न्यायशास्त्राच्या अध्यासनातून मुंबईचे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज उभे राहिले. आशियातले सर्वांत जुने कायद्याचे कॉलेज अशी त्याची ओळख सांगितली जाते. म्हणजे वर्ग आधी सुरू झाला, विद्यापीठ नंतर आले.

दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ चा. त्यांनी वकिलीची परीक्षा देऊन मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयात नाव कमावले आणि १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचे इंग्रजी भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केले. हिंदू कायद्याच्या वादांत तो ग्रंथ पुढे आधारासाठी उघडला जाऊ लागला.

रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. त्यांनी स्वतः वकिली केली नाही. पण १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांना बसणारी मुले तिथे शिकत. पुण्याला तेव्हा कायद्याचे कॉलेज नव्हते. इंडियन लॉ सोसायटीचे कॉलेज १९२४ मध्ये निघाले. मधल्या काळात शिकवण्याचे काम अशा खासगी वर्गांनी आणि वकिलांच्या कचेऱ्यांनी केले.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या घरात तर हे दोन्ही रस्ते एका पिढीच्या अंतराने दिसतात. वडील प्लीडरची परीक्षा देऊन दापोलीत तालुक्याची वकिली करीत. मुलाने मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या, काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवले, पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात कायद्याचे अध्यापन केले, आणि १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाला १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले.

ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३५ ते १९३८ या काळात गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातले कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे, यावर त्यांनी त्याच काळात लेखन केले. त्याच सुमारास, सप्टेंबर १९३७ मध्ये, खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायद्याच्या शिक्षणाचा विचार आणि कोकणातल्या कुळाचा प्रश्न एकाच टेबलावर असण्याचे हे उदाहरण रत्नागिरीकराने विसरू नये.

१९६१ च्या कायद्याने प्लीडर, वकील, मुखत्यार अशी उतरंड मोडली आणि ‘ॲडव्होकेट’ हा एकच वर्ग ठेवला. प्लीडरची परीक्षा गेली, सनदेसाठी पदवी सक्तीची झाली. त्या दिवसापासून कॉलेजला महत्त्व आले. मात्र कचेरीत आणि कोर्टात बसून शिकण्याची गरज त्यामुळे संपली नाही. नियमांची वही उघडली की ती तिथे आजही लिहिलेली सापडते.

नियमाच्या वहीत काय आहे

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेविषयक शिक्षणाचे नियम २००८ चे आहेत. त्यांत चार विषय प्रात्यक्षिकाचे म्हणून सक्तीचे आहेत : मसुदालेखन व दस्तलेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय. शेवटच्या विषयाच्या शंभर गुणांची वाटणी पाहावी. तीस गुण अभिरूप न्यायालयातल्या युक्तिवादाला. तीस गुण प्रत्यक्ष खटले पाहण्याला : विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे आणि त्यांची नोंदवही करायची. आणखी तीस गुण वकिलाच्या कचेरीत पक्षकाराची मुलाखत कशी घेतात, दाव्याची तयारी कशी करतात हे पाहून लिहिण्याला. उरलेले दहा तोंडी परीक्षेला. म्हणजे शंभरातले साठ गुण कॉलेजच्या कुंपणाबाहेरच्या कामाचे आहेत.

मसुदालेखनाचेही तसेच. पंधरा मसुदे आणि पंधरा दस्त विद्यार्थ्याने हाताने तयार करायचे असतात. दावा, कैफियत, जामीनअर्ज, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र हे सारे त्यात येते. शिवाय उमेदवारी : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे. हा काळ वकील, न्यायालये, विधी सेवा प्राधिकरणे, संस्था किंवा कंपन्या यांच्याकडे घालवायचा असतो.

हे सगळे मनापासून केले, तर तीन वर्षांत विद्यार्थी वकिलीच्या उंबरठ्यावर उभा राहतो. उरकून टाकले, म्हणजे मित्राची नोंदवही उतरवली आणि प्रमाणपत्रावर ओळखीच्या वकिलाची सही आणली, तर पदवी तेवढी हाती येते. म्हणून कॉलेजला विचारण्याचा पहिला प्रश्न निकालाच्या टक्केवारीचा नाही. ‘तुमचे विद्यार्थी खटले कुठल्या कोर्टात पाहतात, आणि त्यांच्या वह्या कोण तपासते?’ असा तो असायला हवा.

हजेरीचा नियमही याच वहीत आहे. प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर सर्व विषय मिळून पासष्ट टक्क्यांवर प्राचार्य परवानगी देऊ शकतात. प्रवेश मुंबईच्या नामांकित कॉलेजात, मुक्काम आणि नोकरी रत्नागिरीत, परीक्षेपुरते रेल्वेने जायचे, असा बेत काही घरांत आखला जातो. तो नियमाबाहेरचा तर आहेच. पण त्यात विद्यार्थ्याला ना मुंबईचे ग्रंथालय लाभते, ना रत्नागिरीचे कोर्ट. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने सकाळचे वर्ग भरवणारे जवळचे कॉलेज शोधावे. ते त्याला अधिक उपयोगी पडेल.

१८ ऑगस्ट २०२५ नंतर

रत्नागिरीच्या माणसाला ‘वर’ जायचे म्हणजे मुंबईला जायचे, हे दीडशे वर्षांचे गणित. हायकोर्ट मुंबईत, विद्यापीठ मुंबईत, चाकरमानी मुंबईत. जिल्हा न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील करायचे, तर पक्षकाराने रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी फोर्टातल्या वकिलाच्या कचेरीबाहेर बसायचे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. चार दशकांहून जुनी ही मागणी होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. या तारखेपासून रत्नागिरीच्या अपिलांचा रस्ता आंबा घाटातून वर जातो. विद्यापीठ मात्र मुंबईचेच राहिले. पदवी मुंबईची आणि हायकोर्ट कोल्हापुरात, अशी ही नवी रचना आहे.

निवडीच्या यादीवर तिचा परिणाम कसा होतो? ज्याला पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रकरणांसाठी हायकोर्टात उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी कोल्हापूर आता नुसते शेजारचे शहर राहिलेले नाही. तिथले शहाजी विधी महाविद्यालय १९३३ पासूनचे आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. उमेदवारीचे आठवडे सर्किट बेंचपुढे काम करणाऱ्या वकिलाकडे घालवायचे, तर तिथे राहणाऱ्याला ते सोपे. पण रत्नागिरीत शिकणाऱ्यालाही सुट्टीतले चार आठवडे कोल्हापुरात काढता येतात. दोन्ही रस्त्यांचा विचार करावा. एक सावधगिरी मात्र हवी. नव्या कोर्टाभोवती वकिलीचा जम बसायला वेळ लागतो. ग्रंथालये, ज्येष्ठ वकिलांच्या कचेऱ्या, कनिष्ठांना काम देण्याची रीत, हे सारे एका पावसाळ्यात उभे राहत नाही. कोल्हापूरला जाणाऱ्याने हे धरून चालावे.

इथली जमीन, इथला कायदा

रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात चालणाऱ्या वादांचे मूळ पुष्कळदा जमिनीत सापडते, आणि इथल्या जमिनीचा कायदा इतर महाराष्ट्राहून गुंतागुंतीचा आहे. देशावर रयतवारी होती, इथे खोती होती. खोताच्या हक्कांसाठी १८८० मध्ये वेगळा कायदा झाला. १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळाला मालक मानण्यात आले. कायदे झाले, पण सातबाऱ्यावरच्या नोंदी त्या वेगाने सरळ झाल्या नाहीत. सामाईक खाते, चार पिढ्यांची आणेवारी, मुंबईला गेलेले हिस्सेदार, इतर हक्कांच्या रकान्यात अडकलेले कुळाचे नाव, न झालेली वारसनोंद, आंब्याच्या कलमांवरून आणि वहिवाटीच्या पायवाटेवरून चाललेला तंटा : इथल्या वकिलाच्या टेबलावर हे रोजचे आहे. जुना कागद मोडीत असेल तर तो वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. त्यात किनारा नियमन क्षेत्राचे नियम, मासेमारीचा १९८१ चा राज्य कायदा, महामार्गासाठी झालेले भूसंपादन, आणि २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन यांची भर पडली आहे.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जमिनीच्या कायद्याचा विषय असतो. पुस्तकातून कुळकायद्याची कलमे पाठही होतात. पण फेरफाराची नोंद वाचून ‘ही नोंद इथे चुकली’ असे बोट ठेवायला शिकवतो तो जिल्हा कोर्टातला जुना वकील, तलाठ्याचे दप्तर आणि मामलेदार कचेरीतली सुनावणी. मुंबईतल्या कॉलेजात कंपनी कायद्याचे किंवा लवादाचे जितके वातावरण मिळते, तितके या विषयाचे मिळणार नाही. रत्नागिरीत राहून शिकणाऱ्याला ही शाळा फुकट आहे. तिथे जायचे की नाही, हे त्याने ठरवायचे.

भाषेचेही असेच. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी आहे. तालुक्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, उलटतपास मराठीत होतो, आणि अपिलात तेच सारे इंग्रजीत मांडावे लागते. दोन्ही भाषांत काम करणारा वकील हवा. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याने जवळचे कॉलेज निवडताना इंग्रजी मसुद्याचा सराव तिथे करून घेतात का, हे विचारावे. मोठ्या शहरात जाणाऱ्याने आपली कोर्टातली मराठी गंजणार नाही, हे पाहावे.

कुणासाठी कुठले

इतके झाल्यावर यादीकडे वळू. विद्यार्थ्याला पुढे काय करायचे आहे, त्यावर तिचा क्रम ठरतो.

ज्याला जिल्हा आणि तालुका कोर्टात वकिली करायची आहे, त्याने जिथे ती करायची त्या कोर्टाच्या जवळचे मान्यताप्राप्त कॉलेज वर ठेवावे. तीन वर्षांत शिरस्तेदारापासून ज्येष्ठ वकिलांपर्यंतची माणसे ओळखीची होतात आणि सनद मिळाल्यावर पहिले वकीलपत्र तिथेच मिळते. वकिलीत पहिली वर्षे हलाखीची असतात. घरचे जेवण आणि घरचे छप्पर ही त्या काळातली मोठी शिष्यवृत्ती असते.

ज्याला मोठ्या विधी संस्थांत, कंपन्यांत, लवादाच्या किंवा बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात जायचे आहे, त्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मुंबईचे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज, पुण्याचे आयएलएस अशी नावे आधी लिहावीत. इथे नावाला खरोखर किंमत आहे, कारण उमेदवार निवडणारे त्याच कॉलेजांत येतात. हे मान्य न करता गावच्या कॉलेजचे गोडवे गाणे म्हणजे मुलाची फसवणूक होईल.

ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे, त्याच्यासाठी गणित २० मे २०२५ ला बदलले. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी किमान तीन वर्षांची वकिली हवी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी पुन्हा लागू केली. पदवी घेतली की लगेच अभ्यासिकेत बसायचे, हा मार्ग बंद झाला. पदवीनंतरची तीन वर्षे कुठल्या कोर्टात, कुणाच्या हाताखाली जाणार, हे आता कॉलेज निवडतानाच मनात असलेले बरे.

नाव मोठे नसलेल्या कॉलेजांतून वर जाता येते का, ही शंका रास्त आहे. सरन्यायाधीशपदापर्यंत पोचलेल्या मराठी माणसांकडे पाहावे. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्या लॉ कॉलेजचे. उदय लळीत मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे. शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे. भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. पाच माणसे, चार शहरे. यावरून कुठलेही कॉलेज चालते असा निष्कर्ष कुणी काढू नये. दार एकाच शहरात नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

पसंतीक्रम भरण्याआधी

कॉलेजची माहितीपुस्तिका बाजूला ठेवून एक दिवस प्रत्यक्ष जाऊन यावे आणि काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात.

पहिली, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता. ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, किती तुकड्यांना आहे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला की पाच वर्षांच्या, हे कागदावर पाहावे. तुकडी साठ विद्यार्थ्यांची असते. मान्यतेचा घोळ असेल तर तो सनदेच्या वेळी विद्यार्थ्याच्या गळ्यात येतो.

दुसरी, शिक्षक. पूर्णवेळ किती आणि घड्याळी तासावर किती? कोर्टात काम करणारा वकील तासाला शिकवायला येतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण सगळा कारभारच तासिका तत्त्वावर असेल, तर तारीख लांबली की तास बुडाला.

तिसरी, ग्रंथालय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. नव्या संहितांवरची पुस्तके कपाटात आहेत का, आणि जुन्यांवरची टाकून तर दिली नाहीत ना, हे पाहावे. जुने खटले अजून वर्षानुवर्षे जुन्या कलमांनी चालणार आहेत. वकिलाला दोन्ही लागतील.

चौथी, विधी सहाय्य केंद्र. ते चालवणे कॉलेजवर बंधनकारक आहे. पाटी लावलेली खोली की गावोगाव जाणारे विद्यार्थी, हे नोंदवही मागितली की कळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी कॉलेजचा संबंध कसा आहे, तेही तिथेच समजते.

पाचवी, माजी विद्यार्थी. गुणवत्ता यादीतले नकोत. पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले कुठलेही दहा. त्यांच्यातले किती जण आज कोर्टात उभे राहतात, हे त्या गावच्या बाररूममध्ये चहाच्या वेळी विचारले तर उत्तर मिळते.

खर्चाची बाजू

सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांच्या शुल्कात मोठा फरक असतो आणि एकाच शहरात तिन्ही प्रकार असू शकतात. पण रत्नागिरीहून जाणाऱ्याच्या खर्चात शुल्कापेक्षा मुंबईतली राहण्याची जागा बऱ्याचदा जड जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. अशा सवलतींना एक अट असते : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. मोठ्या नावाच्या हव्यासाने व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली, की सवलत जाते आणि खर्च वाढतो. फॉर्म भरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

सनदेचा खर्च मात्र आता कमी आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना कायद्यात लिहिलेल्या शुल्काबाहेर, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये यापलीकडे, नोंदणीसाठी पैसे घेण्यास मनाई केली. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती सर्वांना सारखीच. तिथेही कॉलेजचे नाव विचारीत नाहीत.

या हिशेबात एक बाजू आकड्यांत मावत नाही. मुलीला शिकायला मुंबईला पाठवायला घर तयार नसते, तिथे जिल्ह्यातले कॉलेज हा निवडीचा एक पर्याय नसतो. कायदा शिकायचा की नाही, याचाच तो निकाल असतो. लहान गावातल्या विधी महाविद्यालयाचे मोल ठरवताना हे धरायला हवे. ते कॉलेज दुबळे राहिले, तर नुकसान ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांचे होते. म्हणून ज्यांची मुले मुंबई-पुण्यात शिकतात, त्यांनीही आपल्या गावच्या कॉलेजात पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे विचारत राहावे.

भागोजीशेठ कीर रत्नागिरीत गरिबीत वाढले, मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठे झाले, आणि १९३१ मध्ये रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर त्यांनी बांधून दिले. त्यांचे नाव इथल्या विधी महाविद्यालयाला आहे. कोकणातून माणसे बाहेर जाणारच. मनीऑर्डरच्या जिल्ह्याला ते नवे नाही. कायदा शिकायला बाहेर गेलेल्यांपैकी काही जण परत येऊन इथल्या कोर्टात उभे राहिले, आणि इथे राहिलेल्यांना इथेच नीट शिकायला मिळाले, तर आंबा घाट चढून जाणाऱ्या कुळाच्या अपिलाला त्याची भाषा आणि त्याचा सातबारा दोन्ही कळणारा वकील मिळेल. पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीत कुठलेही नाव लिहा. ते लिहिण्यापूर्वी आपण कुणाचे वकील होणार आहोत, हे एकदा स्वतःला विचारा.